वाळल्या संत्र्यावरची पपई

अमरावतीत अंबागेटच्या आत आमची आळी होती, आणि आमच्या परसदारी जेवढी पाखरं यायची तेवढी त्या आळीत कुणाकडेच येत नव्हती. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे आणि मला त्याचा मुळीच संकोच वाटत नाही. कुणी मुलांच्या मार्कांचा तोरा मिरवतं, कुणी लोणच्याच्या चवीचा. मी पाखरांचा मिरवते. ती आपोआप आली नव्हती, मी बोलावली म्हणून आली होती. गंमत अशी की ज्या हातांनी मी ती बोलावली, ते हात लग्नाआधी पाखरं हाकलण्यातच तयार झाले होते.

माझं माहेर तेल्हाऱ्याचं. वडिलांची काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी. ज्वारी दाण्यावर आली की आम्हा भावंडांची रवानगी शेतातल्या मचाणावर. हातात गोफण, कडेला ढेकळांचा ढीग, आणि दिवसभर हाकाट्या. माझा नेम भावांपेक्षा चांगला होता, पण माझी खरी कमाई म्हणजे गोफणीची शेपटी. ढेकूळ न लावता नुसती गोफण फिरवून शेवटी असा झटका द्यायचा की शेपटीचा चाबकासारखा आवाज निघतो आणि अख्खा थवा उठतो. तो आवाज गावात माझ्याइतका कुणाचा निघत नसे. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "पोराइपेक्षा ही पोरगी बरी राखते वावर."

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास लग्न होऊन अमरावतीला आले. जात तीच, पण आम्ही मातीतले आणि हे कोर्टातले. सासरे वकील, त्यांचं नाव मोठं. यजमान शाळेत शिकवायचे. सासूबाईंचं सोवळं इतकं कडक की परसदारी दांडीवर वाळणाऱ्या त्यांच्या लुगड्याच्या बाजूने जाताना मी श्वाससुद्धा जपून घेई. माझ्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं की त्या म्हणायच्या, "सूनबाई, हे शेत नाही." मी वर्षभरात बोलणं सुधारलं. निदान त्यांच्यासमोर तरी.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मामंजींना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण डावं अंग गेलं ते गेलंच. पुढच्या खोलीत पक्षकार भेटायला यायचे, हळहळायचे, आणि ते मामंजींना सहन होत नसे. त्यांनी स्वतःच आपली खाट मागच्या पडवीत टाकायला लावली. तिथून दिसायचं काय, तर विहीर, तुळस, मेंदीचं कुंपण आणि त्यांनीच हौसेनं लावलेलं, दोन बहर देऊन वाळून गेलेलं संत्र्याचं झाड. त्या खराट्याकडे बघत ते दिवस काढायचे. सबंध कोर्टाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस चहा हवा असला तरी बोलेना, नुसतं बोट करी. सासूबाई स्वयंपाकघरात डोळे पुसायच्या आणि बाहेर येऊन उगाच माझ्यावर खेकसायच्या.

एकदा मी त्यांना भात भरवत होते. विषय काढायचा म्हणून आमच्या मचाणावरच्या गोष्टी सांगू लागले. कोणतं पाखरू कणसावर कसं बसतं, पोपट कसा खातो कमी आणि सांडतो जास्त, कोण कसं ओरडतं, सगळं आवाज काढून दाखवलं. मामंजी हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "जन्मभर माणसांचं ऐकलं, सूनबाई. आता ती नकोत. जमलं तर जरा पाखरं बोलाव."

मला काय, दुसऱ्याच दिवशी पडवीपुढे सूप भरून ज्वारी टाकली. माझ्या ओळखीची पाखरं सगळी दाणे चोरणारी, मी त्यांच्यासाठी दुसरं काय मांडणार? चिमण्या आल्या, होले आले, पारव्यांनी तर संसारच मांडला. सासूबाईंच्या लुगड्यावर जे व्हायचं ते झालं आणि मला जे ऐकायचं ते मी ऐकलं. मामंजींनी आठवडाभर बघितलं आणि म्हणाले, "हे सगळे माझे जुने पक्षकार दिसतात. येतात, आपलं काम उरकतात, जातात. बोलत कुणी नाही." त्यांना बुलबुल हवा होता, तांबट हवा होता आणि जमलाच तर हळद्या. लहानपणी भातकुली गावी मामाच्या मळ्यात त्यांनी हळद्या पाहिला होता, तो पिवळा रंग त्यांच्या डोळ्यांतून गेला नव्हता.

आता ही पाखरं कणसावर बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी माझं कधी वैर नव्हतं आणि ओळखही नव्हती. अंबादेवीला जाता-येता नाल्याकाठच्या उंबराखाली मी रेंगाळू लागले. वर बघत उभी राहिलेली सून पाहून बायका काय म्हणाल्या असतील ते असो. माझ्या लक्षात आलं की हे लोक खाली जमिनीवर उतरतच नाहीत. यांना पिकलेलं, मऊ, उंचावर लागलेलं फळ हवं. आणि बसायला आधी एक उघडी फांदी, जिथून चहूकडे नीट बघता येईल. मला एकदम आमचं वाळलेलं संत्रं दिसलं. असा उघडा, निष्पर्ण खराटा आळीत दुसरा नव्हता.

पपई मधोमध चिरली, बिया ठेवल्याच, आणि दोन्ही फाका वाळल्या फांद्यांच्या खुंटांवर पक्क्या खोचल्या. जामाच्या, म्हणजे पुण्याचे लोक ज्याला पेरू म्हणतात त्याच्या, फोडी दुसऱ्या फांदीवर. फुटक्या माठाचं बूड दोरीने टांगून त्यात पाणी. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "वा. वाळल्या संत्र्याला पपई लागली." ही चेष्टा पुढे घरात इतकी रुळली की पाहुण्यांनाही झाड तसंच दाखवायचे.

पहिले दोन दिवस मुंग्यांशिवाय कुणी आलं नाही. मग मी खोडाला राखेचा पट्टा ओढला आणि पपई अगदी लगदा होईल इतकी पिकू दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बुलबुलांची जोडी आली. शेपटीखाली लाल, डोक्यावर काळा तुरा. आधी वरच्या काटकीवर बसून सगळीकडे बघून घेतलं आणि मग एकाने चोच घातली. मामंजींनी उजव्या हाताने माझा पदर ओढला आणि हलू नकोस म्हणून खूण केली. त्या दिवशी त्यांनी चहा तोंडाने मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी चहात आलं जास्त घातलं.

बुलबुलांमागून साळुंक्या आल्या, कोकीळ आला. तांबट पपईला फारसा भुलला नाही, म्हणून मी देवळाच्या वाटेवरून उंबरं ओच्यात भरून आणू लागले आणि ती दोऱ्यात ओवून माळ फांदीवर बांधू लागले. तो आला आणि नुसता आलाच नाही, वाळल्या बुंध्याच्या वरच्या अंगाला गोल भोक पाडून राहिला. दुपारभर त्याचं टुक-टुक चालायचं. मामंजी म्हणायचे, कोर्टातल्या टायपिस्टपेक्षा याचा हात साफ आहे.

मग यायचे ते आलेच. कावळे. अख्खी फाक उचलून न्यायचे, मेंदीतल्या बुलबुलांची अंडी फोडायचे. इतकं सगळं मी एकटीने सोसलं असतं, पण उन्हाळ्यात त्यांनी सासूबाईंच्या कुरडया आणि सांडगे पळवले, आणि मग तो घराचा प्रश्न झाला. सासूबाई वाळवणापाशी छत्री घेऊन बसून कंटाळल्या. एका दुपारी उठून मला म्हणाल्या, "तुझ्या त्या गोफणीबद्दल तुझ्या माहेरी फार ऐकलंय. आण की एकदा."

तेल्हाऱ्याला गेले तेव्हा वडिलांकडून नवी गोफण विणून घेतली. कशाला हवी म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ हसत राहिले. "जलमभर पाखरं हाकलली अन् आता त्याइलेच बलावून राहिली तू? काहून गं?" असं म्हणाले आणि वर पिकलेल्या जामांची टोपली दिली. एसटीत ती टोपली मांडीवर आणि गोफण पिशवीत घेऊन मी अकोल्यामार्गे परत आले.

वकिलांची सून परसदारी पदर खोचून गोफण फिरवते हे आळीला पचायला थोडा वेळ लागला. मी ढेकूळ कधी लावलं नाही, गावात कुणाचं डोकं फुटायचं. नुसती शेपटी वाजवायची. पहिल्या आवाजाला सगळीच पाखरं उडाली, पण बुलबुल घडीभराने परत आले, कारण गोफण त्यांच्यासाठी नाही हे त्यांना कळलं. कावळ्यालाही कळलं, आणि कावळा जे एकदा धरतो ते सोडत नाही. वर्षभरात अशी गत झाली की शेजाऱ्यांच्या कौलांवर कावळे बसलेले, आणि आमच्या भिंतीच्या अलीकडे एकही नाही. मामंजी जाहीर करायचे, "या आवारातून कावळ्यांना तडीपार केलेलं आहे. हुकूम माझा, बजावणी सूनबाईची." सासूबाई हळदीकुंकवाला सांगायच्या की आमच्याकडे वाळवणाला राखण लागत नाही. माझ्याकडे न बघता सांगायच्या, पण मला ऐकू येईल अशा बेताने.

आणि एका फाल्गुनात हळद्या आला. मी तेव्हा विहिरीवर होते. हातातला पोहऱ्याचा दोर तसाच धरून उभी राहिले. वाळल्या, करड्या फांदीवर तो इतका पिवळा दिसत होता की बाकी आवार धुळकट वाटलं. मामंजींनी सासूबाईंना हाक मारली. झटक्यानंतर त्यांनी बायकोला हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. सासूबाई सोवळ्यात होत्या, स्वयंपाक अर्धा झाला होता, तरी तशाच पडवीत आल्या आणि खाटेला हात टेकून उभ्या राहिल्या. हळद्याने सावकाश पपई खाल्ली. मामंजी बायकोला म्हणाले, "बघ, आपल्या घरी आलाय." मला त्या क्षणी जे वाटलं ते पुढे मुलगा झाला तेव्हाच पुन्हा वाटलं. हरियाल, म्हणजे हिरवा पारवा, मात्र कधी उतरला नाही. तो उंबर सोडून कुणाकडे जेवायला जात नाही, त्याचा मान त्याला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मामंजी गेले. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "माझ्यामागं यांना उपाशी ठेवू नको." मी हो म्हटलं. दहावा कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी केला. तिथे कावळे ढिगाने, पिंड ठेवला आणि कावळा शिवला. सगळे म्हणाले, तृप्त गेले.

सासूबाईंना ती पडवी नकोशी झाली. खाट काढली, दार लावून घेतलं. मी मात्र रोज सकाळी पपई खोचत राहिले आणि त्या रोज बघत राहिल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी यजमानांना सांगितलं की ते वाळकं झाड आता तोडून टाका, पितृपक्षाचा स्वयंपाक झाला की लगेच, म्हणजे सरपणही होईल. सोवळ्यावर घाण होते हे कारण होतं. खरं कारण त्या रिकाम्या पडवीत होतं, ते मलाही कळत होतं, म्हणून मी भांडले नाही. पण झाड गेलं की तांबटाचं घर जाणार, बुलबुलांची जागा जाणार आणि मी दिलेला शब्दही जाणार. आईला दुखवायचं नाही म्हणून यजमान गप्प. लाकूडतोड्याला सांगूनही झालं.

पक्षात मामंजींच्या तिथीला पहिल्यांदा त्यांच्या नावाचं पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, त्यांना आवडायची ती कढी. यजमानांनी कावळ्याचं पान मागच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. आम्ही सगळे पडवीत उभे राहिलो. शेजाऱ्यांच्या कौलावर कावळे होते. त्यांनी पान बघितलं, मला बघितलं आणि जागचे हलले नाहीत.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग वडे गार झाले. गुरुजींनी काव-काव करून बोलावलं, यजमानांनी बोलावलं. मी आत जाऊन लपले, तरी कावळे येईनात. माझं मलाच हसू येत होतं आणि धडधडतही होतं. कारण सासूबाईंचा चेहरा उतरत चालला होता. त्या विनोद बघत नव्हत्या. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की नवरा आला नाही, नवरा नाराज आहे.

अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा असतो. यजमानांनी दिला, आईला अंतर देणार नाही म्हणाले. सासूबाईंनी काशीयात्रेचं बोलून बघितलं. कावळे तिकडेच. गुरुजींना पुढे आणखी दोन घरं होती. ते म्हणाले की शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून शिववता येतो. सासूबाईंनी मानेनेच नाही म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला बघवेना. मी बाहेर येऊन त्या झाडासमोर उभी राहिले आणि माझं सुधारलेलं सगळं बोलणं कुठच्या कुठे गेलं.

"मामंजी, तुमच्या पाखराइले मी उपाशी ठेवणार नाही. झाड राहो का जावो."

सासूबाईंनी मला 'हे शेत नाही' म्हणून सांगितलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग झाडाकडे. सकाळच्या गडबडीत त्या दिवशी पपई खोचायची राहून गेली होती, आणि वरच्या काटकीवर बुलबुलांची जोडी ताटकळत बसली होती. मग त्या वकिलाच्या बायकोला शोभेल अशा आवाजात गुरुजींना म्हणाल्या, "कावळ्यांना ह्यांनीच तडीपार केलं होतं. ज्याला स्वतः आवारात पाय ठेवू दिला नाही, त्याच्या रूपात हे कसे येतील?"

गुरुजी म्हणाले, "पण शास्त्रात कावळाच सांगितलाय."

"असेल. ते बसायचे त्या खाटेवरून त्यांना जे दिसायचं, ते मी पाहिलंय."

त्यांनी मला पपई आणायला सांगितली. स्वतः भिंतीवरचं पान उचललं, सोवळ्यात, सगळ्यांसमोर, आणि संत्र्याच्या बुंध्यापाशी दगड होता त्यावर ठेवलं. एक फाक मी नेहमीच्या खुंटावर खोचली, एक त्यांनी पानाच्या कडेला खिरीजवळ ठेवली. आम्ही पडवीत परतलो. बुलबुल नेहमीसारखा आधी वर बसला, चारी बाजूंना बघितलं, वरच्या फाकेत चोच घातली. मग खाली पानावर उतरला. पपई टोचली, आणि जाता जाता खिरीतलं शीत उचलून नेलं.

सासूबाई रडल्या आणि रडता रडताच म्हणाल्या, "चला, पानं घ्या, गार झालंय सगळं." यजमानांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी हात जोडले आणि आत येऊन पाटावर बसले. त्यांनाही भूक लागली होतीच. संध्याकाळी लाकूडतोड्या आला तेव्हा सासूबाईंनी त्याला वडे बांधून दिले आणि लाकूड नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पडवीचं दार उघडं राहू लागलं, आणि लुगड्यांची दांडी त्यांनी स्वतःच पुढच्या अंगणात हलवली.

पुढच्या वर्षी तिथीला मी उठले तेव्हा त्या माझ्याआधी परसदारी होत्या. पपई त्यांनीच चिरली होती, बिया ठेवून, आणि बरोबर त्याच खुंटावर खोचली होती. पान अजून वाढून व्हायचं होतं आणि बुलबुल येऊन बसला होता. भोवतालच्या घरांतून काव-काव चालली होती, माणसं भिंतीशी ताटकळत उभी होती. त्या वर्षी आणि त्यानंतर दर वर्षी, सबंध आळीत आमची पंगत सगळ्यांत आधी बसली.